आंब्याच्या राखणीबरोबर आलेला फुटबॉल: किनाऱ्यावरच्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, खाडीच्या मुखाशी वसलेलं हे गाव. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. खाली बंदरवाडी आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मधे भाताचे मळे, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि सड्याच्या उतारावर हापूसच्या बागा. गावाचा खेळ एकच, क्रिकेट. तेही टेनिस बॉलचं, बरंचसं अंडरआर्म. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की मळ्यात स्पर्धा लागतात, मंडप पडतो, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चालते. त्याखालोखाल कबड्डी. फुटबॉल दिसायचा तो चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या वेळी, टीव्हीवर.

खेळ घेऊन आले ते नेपाळी कामगार. त्यांचे गावात तीन गट आहेत आणि पुढचं सगळं समजायला हे तीन गट वेगळे धरणं गरजेचं आहे. पहिला गट बागांतल्या राखणदारांचा. ते दसरा-दिवाळी, म्हणजे त्यांचं दशैं-तिहार, घरी करून मग येतात आणि आंबा आटोपला की जूनच्या पावसाआधी परततात. दुसरा गट बोटींवरच्या खलाशांचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तेही गावी जातात आणि ऑगस्टमध्ये उगवतात. तिसरा गट अगदी लहान: बागेतल्याच खोलीत बायकामुलांसह बारमाही राहणारी मोजकी कुटुंबं. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि गावातल्या पोरांसारखंच मराठी बोलतात. भारत-नेपाळमधल्या १९५०च्या करारामुळे या ये-जा करण्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे ही माणसं दरवर्षी येतात-जातात. पण तीच माणसं येतील याची खात्री नसते.

राखणदारांच्या एका टोळीने येताना चेंडू आणला. संध्याकाळी फवारणीचं काम उरकलं की पुळणीवर चपला ठेवून गोल करायचे आणि खेळायचे. बंदरवाडीची पोरं आधी बघत उभी राहिली, मग समुद्रात गेलेला चेंडू आणून द्यायला लागली, मग मधे घुसली. जगात बहुतेक ठिकाणी हा खेळ असाच गेला आहे. ब्राझीलमध्ये १८९४ साली इंग्लंडहून परतलेल्या चार्ल्स मिलरने चेंडू आणि नियमांचं पुस्तक आणलं ही कथा सगळ्यांना आवडते. पण १८९५ साली साव पावलोत त्याने जो सामना भरवला त्यातले दोन्ही संघ नोकरदारांचे होते: एक रेल्वे कंपनीचा, दुसरा गॅस कंपनीचा. एकट्या माणसाच्या पेटीतून खेळ येत नाही. काम संपल्यावर रिकामे असलेले वीसेक हातपाय लागतात.

अडचण कुठे आली

पहिल्या हंगामात पौष सरता सरता पुळणीवर जागा पुरेना. भरतीच्या दिवसांत तर वाळूच उरत नसे. म्हणून मंडळी मळ्यात गेली.

मळा म्हणजे भात कापल्यावर मोकळी होणारी सात-आठ सामाईक खाचरं. मधले बांध उतरवून क्रिकेट मंडळाने तिथे मैदान केलेलं. मधोमध २० मीटर लांबीची खेळपट्टी: माती चाळून टाकायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, वर शेणाचा हात द्यायचा, आणि हे सगळं पंधरा-वीस दिवस. स्पर्धा दोन दिवसांवर असताना ओल्या खेळपट्टीवरून चौदा-पंधरा जण धावले. दोघांच्या पायात स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट होते. टाचांचे खड्डे पडले आणि ते वाळून कडक झाले. अंडरआर्म चेंडू आधीच जमिनीलगत येतो. अशा खड्ड्यात पडला की तो एकतर बसतो नाहीतर हनुवटीवर येतो.

मंडळाचा राग रास्त होता. पण भांडणात खेळपट्टी दहा मिनिटं होती आणि बाकीचं अर्धा तास. "गुरख्यांना मैदान कोणी दिलं?" इथून सुरू होऊन गेल्या साली चोरीला गेलेल्या आंब्याच्या पेट्यांपर्यंत विषय गेला. मंडळाने ठराव केला: मळ्यात फुटबॉल बंद. दोन बागायतदारांनी वरून आपापल्या राखणदारांना ताकीद दिली, कारण संध्याकाळी चार ते सहा हीच वानरं उतरण्याची वेळ.

म्हणजे एका खड्ड्यामागे तीन वेगळ्या अडचणी होत्या. मैदान दुसऱ्याने कष्टाने केलेलं होतं. वेळ मालकाची होती. आणि खेळणाऱ्यांची गावात ओळख फक्त कामाची होती, नावाची नव्हती. तिन्ही एकदम सोडवायला गेलं असतं तर एकही सुटली नसती.

पर्याय

बोलणं पुढे नेलं ते गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांच्यासोबत शाळेतले शिक्षक, बंदरवाडीचे दोन तरुण आणि राखणदारांतला वयाने मोठा एक जण होता. पोरं त्याला आधी "ए बहादूर" म्हणत. गुरुजींनी त्याला त्याच्या लोकांत काय म्हणतात ते विचारलं आणि पोरांना तेच म्हणायला लावलं: दाजू, म्हणजे दादा.

चार वाटा समोर होत्या.

पहिली, मंडळाशी भांडून मळ्यात वेळ मिळवायची. खाचरं सामाईक, सातबाऱ्यावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबईत. मंडळाचा हक्क कागदावर नव्हता, तसा फुटबॉलवाल्यांचाही नव्हता. जिंकलो असतो तरी पुढच्या वर्षी एखाद्या खातेदाराने बांध पुन्हा घातला असता आणि क्रिकेटही गेलं असतं. ही वाट सोडली.

दुसरी, सड्यावर वेगळं मैदान. जागा भरपूर, मालक राजी. पण हिवाळ्यात सडा म्हणजे उघडा जांभा. शिवलेला चेंडू त्यावर आठवड्याभरात सोलवटतो, कारण जांभ्याची खरबड पृष्ठभागावरचं आवरण कानसेसारखं घासते आणि मग टाक्यांचा दोरा उघडा पडतो. पडलेल्याचा गुडघा तर पहिल्याच दिवशी जातो. हीही सोडली. पुढे ही चूक ठरली, ते खाली येईल.

तिसरी, पुळण. फुकट, कोणाच्या मालकीची नाही, पण रोज मिळत नाही.

चौथी, शाळा. मोठ्यांचा खेळ राहू दे, मुलांना शिकवायचा. गुरुजींचा कल इकडे होता आणि त्यामागे इतिहास होता. अर्जेंटिनात १८६७ सालीच ब्यूनस आयर्सच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर इंग्रजांनी फुटबॉल खेळून पाहिला होता, पण खेळ पसरला तो १८८०च्या दशकात अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश मास्तरांनी स्वतःची शाळा काढून त्यात फुटबॉल घातल्यावर. १८९३ साली तिथली लीगही त्यांनीच मार्गी लावली. घराजवळचा दाखला तर गोव्याचाच आहे. १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम लायन्स या पाद्रींनी मुलांना फुटबॉल शिकवला असं गोव्यात सांगतात. पाद्री परका होता, पण चर्चचं मैदान आणि शाळा गावची होती. हाच समुद्र, हाच जांभा, हाच पाऊस. तरी तिकडे फुटबॉल आणि इकडे क्रिकेट. आमच्या मते फरक मुख्यतः एवढाच, की तिकडे खेळ सांभाळायला बारमाही जागा आणि बारमाही माणसं होती.

ठरलं ते तिसरं आणि चौथं मिळून: पुळणीवर खेळायचं, आणि शाळेची मुलं पहिल्या दिवसापासून खेळात घ्यायची.

पुळणीवर खेळ बसवताना

पहिला प्रश्न पुळण कधी मिळते. याचं उत्तर बंदरवाडीत प्रत्येकाला पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. संध्याकाळी खेळायला वाळूच नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा लांब जातं आणि ओली, चोपलेली वाळू रुंद मिळते. त्रयोदशी ते द्वितीया हे पाच दिवस हमखास, द्वादशी आणि तृतीया ओढूनताणून. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत खेळ बंद.

मग हंगाम मोजला. राखणदार दिवाळीनंतर येणार; फेब्रुवारीच्या मध्यापासून फळ धरलं की रात्रंदिवस राखण. हातात राहिले तीन महिने, त्यात सहा उधाणं, प्रत्येकी पाच ते सात संध्याकाळी. वर्षाला फार तर चाळीसेक. दिनदर्शिकेवर लाल पेनने गोल करून ते पान शाळेच्या व्हरांड्यात आणि बंदरावरच्या चहाच्या टपरीत लावलं. बागायतदारांना हेच पान दाखवलं, तेव्हा त्यांचा आवाज उतरला. "रोज जातो" आणि "महिन्यातले दहा-बारा दिवस, पावणेपाच ते सव्वासहा जातो" यात मालकाच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. त्या दिवसांत एकाने खेळायचं, दुसऱ्याने दोन्ही बागा बघायच्या, अशी जोडी राखणदारांनी आपसात लावली.

मैदान आखताना पहिल्या दोन दिवशी गोल चुकीचे लागले: एक समुद्राकडे, एक सुरूच्या बनाकडे. तीन गोष्टी बिघडल्या. पुळण समुद्राकडे उतरती, त्यामुळे एक संघ सतत चढावर. समुद्राकडच्या गोलात मारलेला प्रत्येक चेंडू पाण्यात. आणि वरच्या बाजूच्या गोलीच्या डोळ्यांत मावळता सूर्य. मैदान किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण फिरवल्यावर तिन्ही एकदम सुटलं. उतार दोघांना सारखा आडवा झाला. माप ठेवलं ५० बाय ३० मीटर, सात-सात जण, दोन्ही डाव वीस मिनिटांचे. ऑफसाइड नाही. समुद्राच्या बाजूला रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने फेकून नाही, पायाने आत घ्यायचा. ओला चेंडू हातातून निसटतो आणि त्यावरून वाद होतात.

गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. खांब बांबूचे, आडवा पोफळीचा वासा. इथे अपघात झाला. सातवीतला एक मुलगा वाशाला लोंबकळला, वाळूत दीड फूट पुरलेले खांब सुटले आणि वासा त्याच्या मनगटावर आला. हाड मोडलं. फुटबॉलमध्ये गोल उलटून होणारे अपघात नवे नाहीत, आणि ओली वाळू खांबाला धरून ठेवते हा समज चुकीचा आहे. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू खांब हलवला की पाणी सोडते आणि पातळ होते. त्यानंतर आडवा वासाच काढून टाकला. खांबांच्या टोकांना नायलॉनची दोरी ताणली, तिला जाळ्याच्या जुन्या बोया ओवल्या. दोरीला लोंबकळता येत नाही, आणि पांढऱ्या बोया कातरवेळीही दिसतात, त्यामुळे "वरून गेला की आतून गेला" हे भांडण कमी झालं. खांब बाहेरच्या बाजूने दोरीने ताणून वाळूच्या पोत्याला बांधायचे, पोतं वाळूत पुरायचं, आणि खेळ संपला की सगळं काढून वर आणायचं, नाहीतर रात्रीची भरती घेऊन जाते.

मागे लावायला जाळं फुकट मिळालं, पण पहिलं लावलं ते तंगुसाचं, म्हणजे बारीक पारदर्शक नायलॉनचं. ते संधिप्रकाशात दिसत नाही आणि बोटं कापतं. एक कुत्रंही त्यात अडकलं. नंतर जाड दोऱ्याचं, मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं जुनं जाळं लावलं.

चेंडूचं गणित वेगळंच. ५ नंबरचा चेंडू घेरात ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजनाला ४१० ते ४५० ग्रॅम असतो. लहान मुलांना ४ नंबरचा, ३५० ते ३९० ग्रॅमचा बरा. राखणदारांचा चेंडू शिवलेला होता. खारं पाणी टाक्यांतून आत जातं, वाळल्यावर मीठ राहतं, दोरा कुजतो. महिन्याभरात शिवण उसवली आणि ब्लॅडर फुग्यासारखा बाहेर आला. त्यानंतर शिवणीऐवजी चिकटवलेल्या आवरणाचे दोन चेंडू घेतले. खेळ झाला की गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे. हवा भरताना सुई आधी ओली करायची. कोरडी घुसवली की वाल्व्हचं रबर फाटतं, आणि सुईला वाळूचा कण चिकटला असेल तर तो आत जाऊन वाल्व्ह कायमचा गळतो. या गावात चेंडू पायाने जेवढे फुटले त्याहून जास्त सुईने गेले.

पहिला मोठा निर्णय: कोण कोणाविरुद्ध

२६ जानेवारीला सामना ठेवायचं ठरलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं: नेपाळी विरुद्ध गाव. गर्दी झाली असती. बंदरवाडीच्या तरुणांना हेच हवं होतं, राखणदारांनाही.

विरोध दाजूने केला. आम्ही जिंकलो तर रस्त्याने परत जाताना ऐकून घ्यावं लागेल, हरलो तर बागेत. असं त्याचं म्हणणं. गुरुजींनी जेनोवाचा दाखला दिला. इटलीतल्या जेनोवा बंदरात इंग्रजांनी १८९३ साली क्लब काढला, क्रिकेट आणि मैदानी खेळांचा, आणि त्यात इटालियनांना प्रवेश नव्हता. पुढे जेम्स स्पेन्सली नावाच्या डॉक्टरने फुटबॉलला जोर दिला आणि इटालियनांसाठी दार उघडलं. क्लब अजून आहे. उलट ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या ग्रीक, इटालियन, क्रोएशियन लोकांनी आपापले क्लब काढले. त्यांनी खेळ वाढवला हे खरं, पण बाकीचा देश कित्येक वर्षं त्याला परक्यांचा खेळ म्हणत राहिला.

म्हणून चिठ्ठ्या टाकून मिश्र संघ केले, आणि इथे घोळ झाला. चिठ्ठीने एका संघात पाच राखणदार गेले, दुसऱ्यात दोनच. मध्यंतरालाच सहा-शून्य. बघ्यांना मजा आली, हरणाऱ्या पोरांना नाही. पुढच्या उधाणापासून नियम बदलला: सातांच्या प्रत्येक संघात तीन नेपाळी, तीन गावचे आणि एक जण चौदा वर्षांखालचा. त्या लहानाला बदली खेळाडू म्हणून बसवून ठेवायचं नाही, पूर्ण वेळ खेळवायचं.

या एका लहान मुलाच्या नियमाने जे साधलं ते शिकवणीने साधलं नसतं. क्रिकेटवर वाढलेलं पोर चेंडू दिसला की त्याच्यामागे धावतं, आणि सगळीच धावली की गुळाच्या ढेपेवर मुंगळे जमावेत तसा घोळका होतो. मोठ्यांमधे एकटं पडलेलं पोर मात्र जागा धरून उभं राहायला शिकतं, कारण अंगाने तर त्याला चेंडू मिळणारच नाही. दाजू त्याला ओरडून बोलवायचा, "यता! यता!" म्हणजे इकडे, माझ्याकडे. दुसरी खोड हाताची. उंच आलेला चेंडू झेलायला हात आपोआप वर जातात. त्यावर इलाज म्हणून सरावात दोन्ही मुठींत एकेक शिंपली धरून खेळायला लावलं. शिंपली पडली की बाहेर. आठवड्यात हात खाली आले. अशा पोरांपैकी चांगले झेल घेणारे दोघे मग गोली झाले आणि त्यांचं क्रिकेट तिथे कामाला आलं.

दुसरा निर्णय: मळ्यात परत जायचं का

दुसऱ्या हंगामात खेळणारे वाढले आणि भांगाच्या दिवसांचं काय, हा प्रश्न आला. मंडळाशी बैठक झाली. गुरुजींनी तयारी केली होती. मिलानच्या नामांकित क्लबच्या १८९९च्या मूळ नावात क्रिकेट आहे, जेनोवाचंही तसंच, ब्यूनस आयर्सला तर क्रिकेटवाल्यांनीच मैदान दिलं, असं त्यांनी मांडलं. मंडळाच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, मग तिथलं क्रिकेट कुठे गेलं?"

हशा झाला, पण प्रश्न खरा होता आणि गुरुजींकडे उत्तर नव्हतं. आमच्या मते बैठक यशस्वी झाली ती इथेच, कारण त्यानंतर इतिहास बाजूला पडला आणि मंडळाला नेमकी भीती कशाची आहे यावर बोलणं आलं. मैदान जाण्याची, पोरं जाण्याची, आणि खेळपट्टी खराब होण्याची. पहिल्या दोन गोष्टींवर शब्द देता येत नाही. तिसरीवर येतो.

ठरलं असं. फुटबॉल मळ्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, आडवा. खेळपट्टीभोवती चार खुंट्या आणि दोरी. दोरीच्या आत चेंडू गेला तर एकानेच, अनवाणी जाऊन आणायचा. स्टड पूर्ण बंद. आठवड्यातून दोनच दिवस, स्पर्धेआधीचे पाच दिवस अजिबात नाही. मैदान आखायला चुनखडीची पांढरी फक्की. कळीचा चुना वापरायचा नाही, पडलेल्याच्या डोळ्यात गेला तर डोळा जातो.

बदल्यात मंडळाने खेळपट्टीला पाणी मारायचं काम मागितलं. विहिरीवरून रोज वीस-बावीस घागरी. आणि सहज जोडलं, "तुमचे गुरखे आहेतच की." हाच या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण. राखणदार हो म्हणाले असते, त्यांना पाणी वाहण्याची सवय होती. पण मग मैदानावरही ते कामगारच राहिले असते. शाळेच्या शिक्षकांनी अट घातली: पाणी फुटबॉलवाले मारतील, पण पाळी खेळणाऱ्या सगळ्यांची, आडनाव न बघता. पहिल्या आठवड्यात बंदरवाडीच्या दोघांनी पाळी चुकवली. त्यांना त्या आठवड्यात खेळवलं नाही. तिसऱ्यांदा असं करायची वेळ आली नाही.

पुढे काय झालं

तिसऱ्या हंगामात दिवाळी झाली, राखणदार आले, पण दाजू आला नाही. तो आणि त्याच्याबरोबरचे आणखी तिघे आखातात गेले होते. नवे आले त्यांतल्या निम्म्यांना फुटबॉलमधे रस नव्हता. कार्तिकातलं पहिलं उधाण कोरडं गेलं. खांब शाळेच्या पडवीत तसेच उभे होते.

खेळ पुन्हा सुरू केला तो शाळेतल्या पोरांनी, आणि त्यात पुढाकार होता बारमाही राहणाऱ्या नेपाळी कुटुंबातल्या एका मुलाचा. त्याला दिनदर्शिकेवर गोल करायला येत होतं. तिथीची पाऊणपट त्याने बंदरवाडीच्या मित्राकडून शिकून घेतली होती. चेंडू शाळेचा होता, राखणदारांचा नव्हता. ही छोटी गोष्ट दुसऱ्या हंगामात शिक्षकांनी हट्टाने करून घेतली होती. ती नसती तर चेंडूही आखातात गेला असता.

आणखी एक गोष्ट कोणी योजली नव्हती. पावसाळ्यात पोरं गुरं घेऊन सड्यावर जायची आणि चेंडू बरोबर न्यायची. श्रावणात सड्यावर गवत उगवतं, कातळावरच्या वितभर मातीत घोट्याएवढं दाट. हिवाळ्यात ज्या कातळाने चेंडू सोलला होता, तोच आता उत्तम मैदान झाला. पाणी साचत नाही, उतारावरून निघून जातं. धोका दोनच: गवतात झाकलेला कातळाचा कंगोरा आणि शेवाळ. खेळायच्या आधी सगळ्यांनी रांगेत चालत जायचं, पायाला दगड लागला की तिथे काठी रोवायची. पोरांनी हे स्वतःच बसवलं. राखणदार नसतात त्या महिन्यांत खेळ इथे टिकला.

मोठ्यांचा खेळ मात्र मागे पडला. मिश्र संघ वर्षातून एकदा, २६ जानेवारीला होतात. क्रिकेट आहे तसंच आहे, मंडळाची भीती फोल ठरली.

वेगळं काय करता आलं असतं

बागायतदारांशी बोलणं ताकीद मिळाल्यावर झालं, ते आधी व्हायला हवं होतं. दिनदर्शिकेचं पान पहिल्या हंगामातच त्यांच्या हातात गेलं असतं तर राखणदारांची बोलणी टळली असती. वेळ त्यांची आहे हे मान्य करून मागितली की मिळते, हे तीन हंगामांनी दाखवलं.

सड्याचा पर्याय एकाच ऋतूत पाहून बाद केला. कोकणात कोणतीही जागा वर्षातून तीनदा पाहावी लागते: भात कापल्यावर, शिमग्याला आणि श्रावणात. शिमग्याचा मुद्दा तर सगळेच विसरले होते. मळ्याच्या पूर्वेकडच्या टोकाला होळीचा मांड, म्हणजे होळीची मानाची जागा आहे; पालखीच्या दिवसांत तिथे फक्कीच्या रेषा दिसल्यावर मानकऱ्यांनी त्या पुसायला लावल्या. वाद वाढला नाही, पण आधी विचारलं असतं तर तोही झाला नसता.

मुलींचं काय, हे तीन वर्षांत कोणी विचारलं नाही. शाळेच्या पटावर निम्म्या मुली आहेत. त्या सुरूच्या बनाजवळ उभ्या राहून बघत. पावणेपाच ते सव्वासहा ही पाण्याची आणि चुलीची वेळ, हे कारण सांगितलं जातं. पण शाळेच्या वेळेत ४ नंबरच्या चेंडूने अर्धा तास ठेवता आला असता आणि त्याला ना तिथी लागत होती ना मंडळ.

शालेय स्पर्धेत संघ न्यायचा विचार तिसऱ्या हंगामात आला, तेव्हा बारमाही कुटुंबातल्या मुलांच्या जन्मतारखेचे कागद अपुरे निघाले. एकाचा जन्म नेपाळातला, कागद तिकडे आजोबांकडे. हे काम शाळेत नाव घालतानाच करून ठेवायचं असतं, स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही. सर्वांत चांगला खेळणारा मुलगाच घरी राहिला आणि संघ पहिल्या फेरीत हरला.

गोलखांबाच्या अपघातानंतर उपाय केला, पण मनगट मोडलेल्या मुलाच्या औषधपाण्याचा खर्च त्याच्या वडिलांवरच पडला. खेळणाऱ्यांनी दरमहा थोडी वर्गणी काढून डबा ठेवायचं दोनदा ठरलं, दोनदा राहिलं.

आता मैदानावर असलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी दाजूला पाहिलेलंही नाही. मागच्या मार्गशीर्षात पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळणीवर दहा जण खेळत होते, सगळे बंदरवाडीचे. डाव्या बाजूला एकटाच मोकळा उभा असलेला पोरगा हात हलवून ओरडत होता, "यता, यता!" हा शब्द कुठला, असं शिक्षकांनी त्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. "फुटबॉलातला आहे सर," तो म्हणाला आणि चेंडूमागे गेला.